फाइल शेजारीच आहे, मग पायथनला सापडत का नाही?

फाइल डोळ्यांसमोर आहे. नाव बरोबर, स्पेलिंग बरोबर, दोन्ही फाइली एकाच प्रकल्पात. तरी प्रोग्राम चालवला की पायथन ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ म्हणून हात वर करतो.

पायथन शिकायला लागून महिना-दीड महिना झालेला असतो, एका फाइलीत मावणारं काम तीन-चार फाइलींत पसरलेलं असतं आणि नेमकी तेव्हा ही एरर भेटते. मी संध्याकाळी काही मुलांना पायथन शिकवतो. लूप, फंक्शन, क्लास यांनी ती गोंधळतात, पण हिरमुसतात ती या एका ओळीने. कारण त्यांच्या मते त्यांनी काहीच चुकीचं लिहिलेलं नसतं. आणि ते खरं असतं. इम्पोर्टची ओळ बहुतेक वेळा बरोबरच असते. चुकलेली असते ती प्रोग्राम सुरू करण्याची पद्धत, आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

समजावून सांगायला माझ्याकडचाच एक प्रकल्प घेतो. गावाकडच्या दूध संकलन केंद्रासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, प्रत्येकाचं लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) नोंदवलं जातं, त्यावरून दर लागतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. फाइलींची मांडणी अशी:

डेअरी-प्रकल्प
    दूध
        __इनिट__.पीवाय
        दर.पीवाय
        नोंदी.पीवाय
        अहवाल
            __इनिट__.पीवाय
            बिल.पीवाय
    टेस्ट्स

दर.पीवाय या फाइलीत दरपत्रक आहे आणि ‘दर_काढ’ नावाचं फंक्शन आहे. बिल काढायला ते लागतं, म्हणून बिल.पीवायच्या माथ्यावर ओळ आहे: ‘फ्रॉम दूध.दर इम्पोर्ट दर_काढ’.

आज्ञा आणि पायथनचे शब्द मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत करायचे. फाइलींची आणि फंक्शनांची नावं मात्र पायथन ३ मध्ये खरोखरच देवनागरीत ठेवता येतात, ‘दर_काढ’ हे नाव जसंच्या तसं चालतं. मला ही गोष्ट फार आवडते, आणि शिकणाऱ्या मुलाने पहिले काही प्रोग्राम तरी असे लिहून बघावेत असं वाटतं. दुसऱ्यांसोबत करायच्या कामात मी रोमन नावं ठेवतो, कारण समोरच्याच्या कीबोर्डची खात्री नसते.

आता मुद्दा. इम्पोर्टच्या ओळीत आपण पत्ता देत नाही, फक्त नाव देतो. ‘दूध’ हे नाव. ते नाव कुठे शोधायचं हे पायथन स्वतः ठरवतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते. तिचं नाव सिस.पाथ. आधी तो बघतो की या नावाचं मॉड्यूल, म्हणजे इम्पोर्ट करता येणारी फाइल किंवा फोल्डर, आपण मघाशीच वाचलेलं तर नाही ना. नसेल, आणि ते पायथनच्या पोटातलंही नसेल, तर यादीतला पहिला फोल्डर उघडतो, तिथे ‘दूध’ नावाचं काही आहे का बघतो, नसेल तर दुसरा, मग तिसरा. पहिल्यांदा जिथे सापडेल तिथे शोध थांबतो. यादी संपली आणि सापडलं नाही, तर ती एरर.

एखाद्याला सांगावं, ‘पाटलांच्या घरी जाऊन ये’, आणि सोबत पाच गावांची यादी द्यावी, तसं हे आहे. तो पहिल्या गावात विचारेल, नसतील पाटील तर दुसऱ्या गावात जाईल. आपले पाटील यादीतल्या एकाही गावात राहत नसतील तर तो रिकाम्या हाताने परत येणार. आणि पहिल्याच गावात भलतेच कुणी पाटील भेटले, तर तो त्यांच्याच ओसरीवर बसणार. या विषयातल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या दोन प्रकारांत मोडतात.

मग यादीत पहिलं गाव कोणतं? सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बहुतेकांची समजूत असते की टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उघडं आहे तो फोल्डर पहिला. काहींना वाटतं, इम्पोर्टची ओळ ज्या फाइलीत आहे त्या फाइलीचा फोल्डर. दोन्ही समजुती अर्धवट आहेत. ‘पायथन दूध/अहवाल/बिल.पीवाय’ असं फाइलीचं नाव देऊन प्रोग्राम सुरू केला, तर यादीत पहिल्या जागी बसतो तो सुरू केलेल्या फाइलीचा फोल्डर, म्हणजे ‘अहवाल’. टर्मिनल कुठेही असो. पुढे या फाइलीने दुसरी फाइल वाचली, दुसरीने तिसरी वाचली, तरी यादी तीच राहते. प्रत्येक फाइलीसाठी ती नव्याने बनत नाही.

आता आपलीच एरर परत बघा. टर्मिनल ‘डेअरी-प्रकल्प’मध्ये उघडं आहे. ‘दूध’ फोल्डर समोर दिसतोय. पण यादीत पहिला फोल्डर ‘अहवाल’ आहे आणि त्याच्या आत ‘दूध’ नावाचं काही नाही. उरलेली यादी पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीची आणि पिप या साधनाने बसवलेल्या पॅकेजांची (पॅकेज म्हणजे मॉड्यूलांचा फोल्डर). तिथेही नाही. ‘डेअरी-प्रकल्प’ हा फोल्डर यादीत कुठेच नाही, म्हणून शेजारी असलेली वस्तू सापडत नाही.

तोच प्रोग्राम त्याच जागेवरून असा सुरू करा: ‘पायथन -एम दूध.अहवाल.बिल’. फाइलीचा रस्ता दिला नाही, मॉड्यूलचं पूर्ण नाव दिलं, मध्ये तिरप्या रेघांऐवजी टिंबं, शेवटी पीवाय नाही. या पद्धतीत यादीतली पहिली जागा टर्मिनलच्या चालू फोल्डरला मिळते. तो आहे ‘डेअरी-प्रकल्प’, त्यात ‘दूध’ आहे, काम झालं. कोडमध्ये एक अक्षर बदललं नाही. वर्गात मी हे दोन्ही प्रकार एकामागोमाग एक चालवून दाखवतो आणि दोन्ही वेळा यादी छापून दाखवतो. पहिली ओळ बदललेली दिसली की मग फार बोलावं लागत नाही.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, टिंबांचा इम्पोर्ट वापरू. ‘फ्रॉम ..दर इम्पोर्ट दर_काढ’. एक टिंब म्हणजे मी ज्या पॅकेजात आहे ते, दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचं. दिसायला हे फोल्डरच्या रस्त्यासारखं दिसतं आणि तिथेच फसगत होते. पायथन ही टिंबं फोल्डरवरून मोजत नाही, मॉड्यूलच्या नावावरून मोजतो. ‘दूध.अहवाल.बिल’ या नावातून शेवटचा तुकडा काढला की ‘दूध.अहवाल’, आणखी एक काढला की ‘दूध’. पण तीच फाइल थेट चालवली तर तिचं नाव ‘दूध.अहवाल.बिल’ राहतच नाही. सुरू केलेल्या फाइलीला पायथन ‘__मेन__’ हे एकच नाव देतो. त्यात टिंबच नाही, मागे जायला जागा नाही. म्हणून दुसरी प्रसिद्ध एरर येते, जिचा अर्थ असा की तुम्ही वरच्या पॅकेजाकडे बोट दाखवताय, पण तुमच्या वर कुठलं पॅकेज आहे हेच मला माहीत नाही. ‘पायथन -एम’ने चालवलं की पूर्ण नाव माहीत असतं आणि तीच टिंबं बरोबर चालतात.

जुन्या पायथनमध्ये हे वेगळं होतं. पायथन २ मध्ये पॅकेजाच्या आतल्या फाइलीने नुसतं ‘इम्पोर्ट दर’ म्हटलं की तो आधी त्याच पॅकेजात बघायचा, मग बाहेर. सोयीचं वाटतं, पण वाचणाऱ्याला कळायचं नाही की हे ‘दर’ घरचं की बाहेरचं. २००३ साली पेप ३२८ या प्रस्तावात ही संदिग्धता काढायचं मांडलं गेलं, पायथन २.५ मध्ये टिंबांची पद्धत आली आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० ने जुनी पद्धत बंदच केली. म्हणून एखाद्या जुन्या पुस्तकातला किंवा जुन्या व्हिडिओतला कोड आज तसाच लिहिला तर अडतो. पॅकेजाच्या आतली फाइल थेट चालवता यावी म्हणून २००७ साली पेप ३१२२ हा आणखी एक प्रस्ताव आला होता. पायथनचे जनक खिदो व्हान रॉसम यांनी तो फेटाळला. त्यांच्या मते पॅकेजाच्या पोटातली फाइल स्क्रिप्ट म्हणून चालवणं हीच मुळात चुकीची सवय होती. या निर्णयावर आजही काही जण नाराज आहेत. मला तो पटतो. एका फाइलीची दोन नावं झाली की काय होतं, हे मी स्वतः भोगलंय, आणि ते पुढे सांगणारच आहे.

त्याआधी भलत्या पाटलांची गोष्ट. दहा-दहा दिवसांच्या पाळ्या काढायला तारखांचा हिशेब लागतो. त्यासाठी मी एक फाइल केली आणि तिला सरळ ‘कॅलेंडर’ नाव दिलं. आपल्या कामाला साजेसं नाव. पण पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीतही ‘कॅलेंडर’ नावाचं मॉड्यूल आहे आणि यादीत आपला फोल्डर त्याच्या आधी येतो. पायथनच्याच आतल्या काही मॉड्यूलांना ते खरं कॅलेंडर लागतं, उदाहरणार्थ ईमेलची किंवा वेबच्या कुकींची तारीख वाचताना. त्यांना माझी फाइल मिळते, तिच्यात हवं ते फंक्शन नसतं आणि इंटरनेटवरून काही आणणारी लायब्ररी कोसळते. एररमध्ये जी नावं दिसतात त्यांचा आपल्या कोडशी काही संबंध नाही असं वाटतं, म्हणून माणूस तासन् तास भलतीकडे शोधतो. ‘रँडम’, ‘मेल’साठी ‘ईमेल’, सरावासाठी ‘टोकन’ किंवा ‘क्यू’ अशी नावं दिलेल्या फाइली याच प्रकारे घात करतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ पासून अशा वेळी एररमध्येच सूचना येते की तुमच्या फाइलीचं नाव मूळ लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखं आहे, ते बदला. चांगली सुधारणा आहे, खूप जणांच्या संध्याकाळी वाचतील. त्याआधी ३.११ मध्ये मोठ्या ‘पी’चं एक स्विच आलं होतं, त्याने यादीतली ती धोक्याची पहिली जागा घातलीच जात नाही. पण मूळ इलाज पूर्ण नावाचाच आहे. माझी तीच फाइल ‘दूध’च्या आत गेली आणि तिचं नाव ‘दूध.कॅलेंडर’ झालं की ती कुणाच्या वाटेत येत नाही. नुसते पाटील अनेक असतात, गावाचं नाव लावलं की एकच उरतात.

आता तो उपाय, जो शोधायला गेलं की सगळ्यात आधी हाताशी येतो. फाइलीच्या माथ्यावर दोन ओळी घाला: सिस इम्पोर्ट करा आणि सिस.पाथच्या यादीत वरच्या फोल्डरचा रस्ता जोडा. ‘सिस.पाथ.अपेंड’. चालतं. लगेच चालतं. म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

माझ्या डेअरीच्या प्रोग्रामात मी सुरुवातीला हेच केलं होतं. ‘अहवाल’मधून वरचा ‘दूध’ फोल्डर यादीत जोडला आणि बिल.पीवायमध्ये नुसतं ‘इम्पोर्ट दर’ लिहिलं. दुसरीकडे नोंदी.पीवाय मात्र ‘दूध.दर’ या पूर्ण नावाने तीच फाइल वाचत होती. दोन्हीकडे फाइल सापडत होती, एरर नाही, मी निर्धास्त. मग एका पाळीच्या मध्येच दर बदलले. नवं दरपत्रक चढवायचं फंक्शन नोंदींच्या बाजूने चाललं, स्क्रीनवर नवे दर दिसले आणि बिलं मात्र जुन्या दराने निघाली.

पायथनला ‘दर’ आणि ‘दूध.दर’ ही दोन वेगळी मॉड्यूल वाटतात. मघाशी म्हटलं तसं, एकदा वाचलेलं मॉड्यूल तो लक्षात ठेवतो, पण नावाने लक्षात ठेवतो. दोन नावं, म्हणून त्याने एकच फाइल दोनदा वाचली, मेमरीत दरपत्रकाच्या दोन प्रती झाल्या. एक प्रत सुधारली, दुसरी तशीच राहिली. हाच प्रकार क्लासच्या बाबतीत झाला तर आणखी विचित्र दिसतो: समोरची वस्तू ‘शेतकरी’ या क्लासची आहे हे दिसत असतं, तरी ‘आयझइन्स्टन्स’ने विचारलं की पायथन नाही म्हणतो, कारण ‘शेतकरी’ही दोन असतात. बिलं वाटायच्या आधी एका आजोबांनी त्यांच्या वहीतला हिशेब दाखवला आणि आकडा जुळत नाही म्हणाले, म्हणून मला कळलं. पैशाचा व्यवहार होता, पुढे गेलं असतं तर फार वाईट झालं असतं. त्या दिवसापासून मी स्वतःच्या प्रकल्पात सिस.पाथला हात लावलेला नाही.

पॅकेजातली फाइल थेट चालवण्यातही हीच मेख आहे. बिल.पीवाय थेट चालवली, तिचं नाव ‘__मेन__’ झालं, आणि दुसऱ्या कुठल्या फाइलीने ‘दूध.अहवाल.बिल’ इम्पोर्ट केलं, की तीच फाइल दुसऱ्यांदा वाचली जाते.

पायथनपाथ नावाचा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग. त्यात ‘डेअरी-प्रकल्प’चा रस्ता लिहिला की तो यादीत पहिल्या जागेच्या लगेच मागे येतो. पण तो प्रकल्पाच्या फाइलींत कुठेच दिसत नाही, आपल्या टर्मिनलच्या सेटिंगमध्ये लपलेला असतो. दुसऱ्याने प्रकल्प उतरवून घेतला की त्याच्याकडे चालत नाही. आणि पहाटे आपोआप चालायला क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीवर, काम लावलं, तर क्रॉनला आपल्या टर्मिनलची सेटिंग माहीतच नसते.

एडिटरचाही यात मोठा हात आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. पायचार्ममध्ये हिरवं बटण दाबून चालवलं की तो प्रकल्पाचा मुख्य फोल्डर न सांगता पायथनपाथमध्ये घालतो. त्यामुळे तिथे सगळं सुरळीत, आणि तीच फाइल टर्मिनलमधून चालवली की एरर. मुलं येऊन सांगतात, ‘सर, काल चालत होतं.’ चालत होतं हे खरंच असतं, वेगळ्या यादीने चालत होतं. व्हीएस कोडमध्ये याच्या उलट: इम्पोर्टच्या खाली आलेली पिवळी वळवळीत रेघ घालवायला सेटिंगमध्ये जादा रस्ते लिहिता येतात. रेघ जाते. पण ती सेटिंग फक्त कोड वाचून सूचना देणाऱ्या भागासाठी आहे, प्रोग्राम चालवणाऱ्या पायथनला तिचा पत्ता नसतो. रेघ गेली म्हणजे प्रश्न सुटला असं धरून चालू नका.

मग नीट मार्ग कोणता? पिपने बसवलेली पॅकेजं कुठूनही इम्पोर्ट होतात, त्यांच्याबाबत ही तक्रार कधी ऐकली आहे का? नाही, कारण ती साइट-पॅकेजेस नावाच्या फोल्डरमध्ये बसतात आणि तो फोल्डर यादीत कायम असतो, प्रोग्राम कसाही सुरू करा. आपल्या पॅकेजालाही तोच मान द्यायचा. आपला कोड अजून रोज बदलतोय, त्याची प्रत तिकडे नेऊन ठेवली तर प्रत्येक बदलानंतर पुन्हा बसवावं लागेल. म्हणून पिपमध्ये ‘एडिटेबल’ बसवणूक आहे. तिच्यात कोड आपल्याच फोल्डरमध्ये राहतो, साइट-पॅकेजेसमध्ये फक्त तो कुठे आहे याची खूण ठेवली जाते.

त्यासाठी ‘डेअरी-प्रकल्प’ फोल्डरमध्ये पायप्रोजेक्ट.टॉमल नावाची एक फाइल लागते. तिच्यात दोन छोटे भाग पुरतात. एकात प्रकल्पाचं नाव आणि आवृत्ती, दुसऱ्यात बांधणीसाठी कोणतं साधन वापरायचं, जसं सेटअपटूल्स. मग व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरता वेगळा ठेवलेला पायथन) चालू करून त्याच फोल्डरमधून ‘पिप इन्स्टॉल -ई .’ ही आज्ञा द्यायची. शेवटचं टिंब विसरू नका, ते ‘हाच फोल्डर’ असं सांगतं. पूर्वी यासाठी सेटअप.पीवाय नावाची फाइल लिहावी लागायची. ऑक्टोबर २०२१ मधल्या पिप २१.३ पासून पेप ६६० या नव्या प्रमाणाचा आधार मिळाला आणि तिची सक्ती संपली. जुन्या लेखांत सेटअप.पीवाय दिसली तर गोंधळू नका.

एवढं झालं की ‘दूध’ हे नाव त्या एनव्हायर्नमेंटमध्ये सगळीकडे सापडतं. टर्मिनल कुठेही असो, ज्युपिटरची वही वेगळ्या फोल्डरमध्ये असो. क्रॉनलाही तेच, फक्त त्याच्या ओळीत त्या एनव्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण रस्ता द्यायचा. टेस्टचाही एक जुना त्रास जातो: टेस्ट चालवायला नुसतं ‘पायटेस्ट’ आणि ‘पायथन -एम पायटेस्ट’ यांत फरक असतो, दुसऱ्या प्रकारात चालू फोल्डर यादीत जोडला जातो, पहिल्यात जोडला जात नाही. म्हणून एकाच्या संगणकावर टेस्ट पास आणि दुसऱ्याच्या संगणकावर मॉड्यूलच नाही, असं घडतं. पॅकेज बसवलेलं असेल तर दोन्ही चालतात.

एक अडचण इथे हमखास येते. ‘दूध’ आणि ‘टेस्ट्स’च्या शेजारी मी पुढे ‘जुनी_बिलं’ असा एक फोल्डर केला, आत नुसत्या एक्सेल फाइली. पुढच्या वेळी बसवायला गेलो तर सेटअपटूल्स अडून बसला, की वरच्या पातळीवर एकाहून जास्त पॅकेजं दिसताहेत, कोणतं धरू? ‘टेस्ट्स’, ‘डॉक्स’ अशी ठरावीक इंग्रजी नावं तो स्वतःहून वगळतो, बाकी कुठलाही फोल्डर त्याला पॅकेज वाटू शकतो. यावर सोपी मांडणी म्हणजे मध्ये एक ‘एसआरसी’ नावाचा फोल्डर करायचा आणि ‘दूध’ त्याच्या आत ठेवायचं. सेटअपटूल्स मग फक्त तिथेच बघतो. याचा आणखी एक फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. ‘दूध’ मुख्य फोल्डरमध्ये थेट नसल्यामुळे ते योगायोगाने सापडत नाही. बसवलं असेल तरच सापडतं. म्हणजे बसवण्यात काही राहिलं असेल तर ते माझ्याच संगणकावर, त्याच दिवशी कळतं. नव्या प्रकल्पाला मी आता पहिल्या दिवसापासून हीच मांडणी ठेवतो.

मग एका छोट्या स्क्रिप्टलाही हे सगळं करायचं का? नाही. एकाच फोल्डरमध्ये तीन-चार फाइली असतील, उपफोल्डर नसेल, तर काहीच करू नका. सुरू केलेल्या फाइलीचा फोल्डर यादीत असतोच, ‘इम्पोर्ट दर’ निमूट चालतं. पहिला उपफोल्डर झाला की ‘पायथन -एम’वर या. टेस्ट लिहायला घेतल्या किंवा प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर जाणार असं दिसलं, की बसवून टाका.

‘__इनिट__.पीवाय’बद्दल दोन शब्द. फोल्डर हे पॅकेज आहे असं सांगणारी ही फाइल. २०१२ मधल्या पायथन ३.३ पासून ती नसली तरी फोल्डर इम्पोर्ट होतो. त्यामुळे ती आता लागत नाही असं सर्रास सांगितलं जातं. तरी मी ती ठेवतो, रिकामी का होईना. ती सक्तीची नसल्याचा एक दुष्परिणाम असा, की खरं ‘दूध’ पॅकेज यादीत नाही पण त्याच नावाचा एखादा एक्सेल फाइलींचा फोल्डर यादीतल्या एखाद्या जागी आहे, तर ‘इम्पोर्ट दूध’ बिनतक्रार चालतं. हाती येतं ते रिकामं पॅकेज, आणि एरर येते ती पुढे भलत्याच ओळीवर.

पूर्ण नावाने इम्पोर्ट करावा की टिंबांनी? पायथनच्या लेखनशैलीचा दस्तऐवज, पेप ८, पूर्ण नावाची शिफारस करतो आणि टिंबांनाही मान्यता देतो. मी पूर्ण नाव लिहितो. सहा महिन्यांनी फाइल उघडली तर ‘दूध.दर’ वाचून कळतं. दोन टिंबं वाचली की आधी आपण कुठे उभे आहोत ते आठवावं लागतं.

इतर भाषांतून आलेल्यांची अडचण वेगळी असते, तीही सांगतो. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये टिंब आणि तिरपी रेघ देऊन लिहिलेला रस्ता खरोखर त्या फाइलीच्या फोल्डरपासून मोजला जातो, प्रोग्राम कसाही सुरू करा. तीच सवय घेऊन पायथनमध्ये आलं की टिंबं फसवतात. गोमध्ये तर मॉड्यूलच्या आत शेजारच्या पॅकेजालाही पूर्ण नावानेच हाक मारावी लागते, आणि ते नाव गो.मॉड या फाइलीत एकदाच लिहिलेलं असतं. ही शिस्त गोलाही सुरुवातीपासून नव्हती. आधी सगळा कोड गोपाथ नावाच्या एकाच फोल्डरखाली ठेवावा लागायचा, २०१८ मधल्या गो १.११ पासून मॉड्यूल आली. पायप्रोजेक्ट.टॉमल लिहिताना मला गो.मॉडची आठवण येते: प्रकल्पाने आपलं नाव स्वतः सांगायचं, कुणाच्या फोल्डरवर अवलंबून राहायचं नाही.

आणि तरीही कधी ती एरर आलीच, तर कोड बदलायच्या आधी ‘पायथन -एम साइट’ चालवा. तो यादी छापतो. ‘दूध’ ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर त्यात आहे का ते बघा. नसेल तर बहुधा व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट चालू करायचं राहिलं आहे किंवा वेगळ्याच पायथनने प्रोग्राम सुरू झाला आहे. मॉड्यूल सापडतंय पण विचित्र वागतंय, तर त्याची ‘__फाइल__’ छापा. ते नेमक्या कोणत्या फोल्डरमधून वाचलं गेलं हे समोर येतं, आणि भलते पाटील असतील तर तिथेच पकडले जातात.

पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये ‘प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स’ असा आणखी एक भाग लिहिता येतो. माझ्या फाइलीत तिथे एकच ओळ आहे: ‘बिल_काढा’ म्हणजे ‘दूध.अहवाल.बिल’मधलं ‘सुरू’ हे फंक्शन. बसवताना पिप त्याची आज्ञा तयार करतो. केंद्रावर बसणाऱ्या ताईंना पायथन येत नाही, फोल्डर कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नाही. दर दहा दिवसांनी त्या काळी खिडकी उघडतात, ते दोन शब्द टाइप करतात आणि प्रिंटरमधून बिलं यायला लागतात.